दिनविशेष २३ ऑगस्ट : चंद्र, वादळ आणि बारसं

२०२३ साली याच दिवशी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३चं 'विक्रम' लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद उतरलं. त्या भागात उतरणारा भारत पहिलाच देश! म्हणून २०२४पासून २३ ऑगस्ट हा 'राष्ट्रीय अंतराळ दिन'. सुट्टी मात्र नाही.

लँडरचं नाव विक्रम साराभाईंवरून. पण नावांची खरी धमाल ओडिशात.

केंद्रपाडाच्या जिल्हा रुग्णालयात त्याच संध्याकाळी जन्मलेल्या काही बाळांचं नाव 'चांद्रयान' ठेवायचं, असं आईवडिलांनी ठरवलं. याच राज्यात मे २०१९मध्ये 'फनी' चक्रीवादळ धडकलं, त्या दिवशी भुवनेश्वरच्या रेल्वे रुग्णालयात जन्मलेली मुलगीही 'फनी'च झाली. वादळाचं हे नाव सुचवलं होतं बांगलादेशाने. म्हणजे बारशाला आत्याचा मान त्यांचाच!