प्रश्नांनुसार लावलेले कपाट

छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते जून १९५० मध्ये सुरू केले, तेव्हा सोसायटीचे संस्थापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या घरी हजारो पुस्तके होती. घरात वैचारिक पुस्तकांचा संग्रह करू पाहणाऱ्या या शहरातल्या माणसाला उदाहरणासाठी फार लांब जायला नको. बाबासाहेबांचा संग्रह केवढा होता हे सगळेच सांगतात. तो कसा जमत गेला, हे जास्त कामाचे आहे.

बाबासाहेबांची खरेदी

कोलंबिया विद्यापीठात शिकताना न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. १९१७ मध्ये ते भारतात परतले. सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्धात ती बोट पाणतीराने बुडाली आणि त्यांची बरीच पुस्तके तळाशी गेली. भरपाईचे सहाशे रुपये मिळाले, पण पुस्तके पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांची सोय डोळ्यांसमोर ठेवूनच.

यातली खरी शिकवण मात्र एका पुस्तकात आहे. त्यांचे कोलंबियातले शिक्षक जॉन ड्यूई यांचे ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ १९१६ मध्ये आले. बाबासाहेबांच्या प्रतीत ठिकठिकाणी पेन्सिलीच्या खुणा आहेत. जवळजवळ वीस वर्षांनी, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि कधीच न झालेल्या भाषणात ड्यूईंचा विचार त्यांच्या नावासह अवतरला. जातिव्यवस्था मोडायची कशी, हा प्रश्न त्या पुस्तकाला कपाटात जागा देत होता. शिक्षणशास्त्राचा विभाग पुरा करायचा म्हणून ते तिथे आले नव्हते.

आधी प्रश्न

‘वाचलीच पाहिजेत अशी शंभर पुस्तके’ या धर्तीच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. त्या यादीने भरलेले कपाट कोणाचेही असू शकते. त्यापेक्षा दोन-तीन प्रश्न ठरवा, ज्यांचा तुम्हाला वर्षानुवर्षे कंटाळा येणार नाही.

आपल्या दारातला प्रश्न घ्या : अजिंठा कसा घडला? त्यासाठी वाकाटकांचा इतिहास लागेल, बौद्ध धर्माचा लागेल, भित्तिचित्रांचे तंत्र लागेल, डोंगर कसा कोरला गेला हे कळायला सह्याद्रीच्या बेसॉल्टची थोडी ओळख लागेल. वॉल्टर स्पिंक यांचे कालनिर्णयावरचे लेखन लागेल. बहुतेक लेण्यांचे काम पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, हरिषेणाच्या काळात, अगदी थोड्या वर्षांत झाले असे ते म्हणतात. ते न पटणाऱ्या अभ्यासकांचे पुस्तकही शेजारीच हवे. मेल्विल ड्यूई (हे ड्यूई वेगळे) यांच्या १८७६ च्या दशांश वर्गीकरणात हीच पुस्तके धर्म, कला, इतिहास, भूशास्त्र अशी चार ठिकाणी विखुरतात. सार्वजनिक ग्रंथालयाला ते योग्यच आहे. घरच्या कपाटात ती एकाच फळीवर ठेवावीत.

आपल्या आदर्शांच्या पुस्तकांचे काय? ज्यांच्या विचारांवर आपण उभे आहोत त्यांची मूळ पुस्तके आधी घ्यावीत, त्यांच्यावरची नंतर. महात्मा फुल्यांवर पाच चरित्रे आणि फुल्यांचे लेखन एकही नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. आणि आपल्या मताला सुरुंग लावणारे एखादे दमदार पुस्तक त्याच फळीवर असू द्यावे. बाबासाहेबांनी मनुस्मृती बारकाईने वाचली होती, मार्क्सही वाचला होता.

मराठवाड्याची फळी

मराठवाड्याविषयीची फळी लावताना एक अडचण येते. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे मराठवाड्याविषयीचा फक्त मराठी संग्रह लंगडाच राहतो. अनंत भालेरावांचे ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ पहिले घ्या. नरहर कुरुंदकर वाचताना वाद घालायची सवय लागते, म्हणून तेही घ्या. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी इंग्रजीत आहेत. उर्दू वाचता येत नसेल तर अनुवाद शोधावेत, किंवा सरळ उर्दू लिपी शिकावी. या शहरात शिकवणारे मिळतात. ज्यांच्या घरी जुने दस्त आहेत त्यांना मोडीही उपयोगी पडेल.

कुठून घ्यावीत

नवी पुस्तके औरंगपुऱ्यात मिळतात. पण कमी पैशांत संग्रह उभा करायचा तर शासकीय ग्रंथागाराकडे वळावे. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून निघू लागलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये काढलेले फुले समग्र वाङ्मय, जिल्हा गॅझेटियर : ही शासकीय प्रकाशने खासगी पुस्तकांच्या मानाने स्वस्त पडतात. आवृत्ती संपली की पुनर्मुद्रणाची वाट पाहावी लागते, तेव्हा दिसले की घ्यावे. रद्दीवाल्याकडे आणि जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर घाई करू नये. शेवटची पाने आहेत का, नकाशे फाडलेले नाहीत ना, आणि कसर लागलेली नाही ना, एवढे बघूनच भाव करावा.

नोंद, कसर, उसनवारी

वहीत तीन रकाने पुरतात : पुस्तक, कुठल्या प्रश्नासाठी घेतले, कोणाला दिले. दुसरा रकाना कोरा राहत असेल तर ते पुस्तक उगाच घेतले असे समजावे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे. पावसाळ्यात ओल तिथूनच येते आणि वाळवीही. उन्हाळ्यात वर्षातून एकदा सगळे उतरवून झटकावे.

संग्रह पुढे कुणाला द्यायचा

बाबासाहेबांच्या पुस्तकांचा मोठा भाग मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेला, म्हणून ड्यूईंच्या प्रतीतल्या त्या खुणा आज अभ्यासकांना पाहता येतात. घरच्या संग्रहाचे पुढे काय, हे मालकाने आपण असतानाच ठरवावे. ग्रंथालये गठ्ठे नाकारतात, कारण निवडायला माणूस नसतो. यादीसकट, एका विषयाची शे-दीडशे पुस्तके दिली तर एखादे महाविद्यालय किंवा अभ्यासिका ती घेण्याची शक्यता वाढते. अशा वेळी ती तीन रकान्यांची वही पुस्तकांबरोबरच द्यावी.