गप्प बसणे म्हणजे शांतता नव्हे!

गावात आपल्या वस्तीवर हल्ला झाला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक बसते. सरपंच, पोलीस पाटील आणि प्रतिष्ठित मंडळी जमतात. झाले गेले विसरा, गावाची बदनामी करू नका, असा उपदेश होतो. हा उपदेश कोणाला? ज्याचे डोके फुटले त्याला! मग दोन्ही बाजूंना सारखीच प्रतिबंधक कारवाईची नोटीस निघते आणि गावात शांतता असल्याचे जाहीर होते. वकिली करताना ही शांतता आम्ही जवळून पाहिली आहे. तिच्यात मार खाणारा गप्प असतो आणि मारणारा मोकळा असतो.

मग खरी शांतता कशी येते? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीचा प्रसंग सांगितला आहे. शाक्य आणि कोलीय, दोघांचीही शेती त्या नदीच्या पाण्यावर होती. पाणी आधी कोणी घ्यावे यावरून मारामारी झाली आणि शाक्य संघ युद्धाला निघाला. तरुण सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. पण पाण्यावरचा हक्क सोडा, असे तो म्हणाला नाही. आगळीक कोणाची याची आधी चौकशी करा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा द्यावा, असे त्याने सुचवले. म्हणजे शांततेची पहिली पायरी चौकशी आणि दुसरी निवाडा! संघाने हे ऐकले नाही. सिद्धार्थाने गृहत्याग पत्करला, पण युद्धात भाग घेतला नाही.

महाडचा झगडाही पाण्याचाच. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून आपली माणसे परतली. हे आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार, अशी अफवा उठली आणि परिषदेच्या लोकांवर लाठ्या पडल्या. आपल्या माणसांचे रक्त सळसळत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. ही भीती नव्हती. हल्लेखोरांवर फिर्यादी झाल्या आणि काहींना शिक्षाही झाल्या.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सनातन्यांनी दावा लावून मनाई हुकूम आणला. हजारो लोक तळ्यावर जायला तयार असताना बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला, मात्र दावा सोडला नाही. नऊ वर्षांहून अधिक काळ लढून १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी वहिवाट सनातन्यांना सिद्ध करता आली नाही. हात आवरला, हक्क सोडला नाही. शांततेचा याहून मोठा धडा कोणता?

आज आपल्या हाती १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे. २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. कलम १५-अ प्रमाणे आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या बिगर दलित-आदिवासी लोकसेवकाला कलम ४ मध्ये शिक्षा सांगितली आहे. आणि ॲट्रॉसिटीचा गुन्हा गावच्या बैठकीतल्या सह्यांनी मिटत नाही, हे प्रत्येक वस्तीला माहीत असले पाहिजे.

म्हणून बांधवांनो, शांतता समितीत जरूर जा. दगडाला दगडाने उत्तर देऊ नका. त्यामुळे आपली पोरे तुरुंगात जातात आणि मूळ गुन्हा बाजूला पडतो. मात्र समेटाच्या कागदावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. गुन्हा नोंदला का? आरोपी पकडले का? आमच्या माणसांना संरक्षण दिले का? उत्तर नाही असेल तर सही करू नका. आधी न्याय येऊ द्या, शांतता त्याच्या मागोमाग येईल.