बाहुल्यांमागचे सर



मागच्या वेळी आपण मनाच्या आजारांबद्दल बोललो, तेव्हा एका ताईंनी फोन करून विचारलं, "कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात ते सर म्हणजे वेड्यांचे डॉक्टर का हो?"

नाही ताई. औषधं देणारे डॉक्टर वेगळे. माणूस शिकतो कसा, घाबरतो कशाला, स्वतःला काय समजतो, हे मानसशास्त्राचे प्राध्यापक शिकवतात. नुसता अंदाज न बांधता ते तपासून कसं पाहायचं, हेही शिकवतात. मग त्या शिकवण्यानं होतं काय? तेच सांगायला आज आम्ही अमेरिकेतल्या एका सरांची गोष्ट आणली आहे.

सरांचं नाव फ्रान्सिस समनर. जन्म १८९५ सालचा, आर्कान्सा राज्यातला. घर काळ्या लोकांचं. तिथली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्यानं संपली होती. आपल्या जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक ती संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं, हे तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. पण बेड्या तुटल्या तरी भेद सुटला नाही. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि बहुतेक निकृष्ट. हायस्कूलचा दाखला समनरांकडे नव्हताच. वडिलांनी घरी शिकवलं. त्या बळावर परीक्षा देऊन हा मुलगा पंधराव्या वर्षी कॉलेजात गेला. पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्सला सैनिक म्हणून गेला, परत आला आणि १९२० साली डॉक्टरेट मिळवली. मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारा अमेरिकेतला तो पहिला काळा माणूस.

१९२८ मध्ये समनर सर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आले. हे काळ्या विद्यार्थ्यांसाठी उभं राहिलेलं विद्यापीठ. तिथं मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग त्यांनी उभा केला आणि अखेरपर्यंत सांभाळला. संशोधनासाठी पैसे मागितले, तर काळे म्हणून दारं बंद. पण त्यांनी काम थांबवलं नाही. परदेशी भाषांतले लेख वाचायचे, त्यांचा सारांश लिहायचा, आणि वर्गावर जायचं.

त्यांच्या वर्गात केनेथ क्लार्क नावाचा मुलगा आला. त्याची आई न्यूयॉर्कमध्ये कपडे शिवायच्या कारखान्यात काम करायची. मुलाला हातकामाच्या शाळेत घाला, असा सल्ला शाळेतून मिळाला, तेव्हा ती माउली अडून बसली. माझा मुलगा पुढं शिकणार, म्हणाली. केनेथ हॉवर्डला आला तो डॉक्टर व्हायचं ठरवून. समनर सरांच्या तासाला बसला आणि त्याची वाट बदलली. माणसं माणसांशी अशी का वागतात, याचं उत्तर इथं शोधता येईल, असं त्याला वाटलं.

मेमी फिप्स ही मुलगी गणित शिकायला आली होती. गणिताच्या शिक्षकांची वागणूक तिला परकी वाटली, मुलींशी तर जास्तच. केनेथनं तिला मानसशास्त्राकडे वळवलं आणि समनर सरांनी तिला उत्तेजन दिलं. पुढे केनेथ आणि मेमी यांचं लग्न झालं. मेमीनं १९३९ मध्ये एम.ए.साठी विषय घेतला लहान मुलांचा. काळ्या मुलाला आपण काळे आहोत हे कधी कळतं, आणि कळल्यावर तो स्वतःला काय समजतो?

हॉवर्डला तेव्हा डॉक्टरेटची सोय नव्हती. चांगले विद्यार्थी आपल्याजवळच राहावेत असं कोणत्या शिक्षकाला वाटणार नाही? पण त्यांना पुढं धाडायला हवं होतं. केनेथ आणि मेमी दोघंही कोलंबिया विद्यापीठात गेले आणि डॉक्टर झाले. हॉवर्डचा पाया पक्का होता, म्हणून ते तिथं टिकले.

आता बाहुल्यांची गोष्ट. मेमीबाईंच्या अभ्यासातूनच ती पुढं आली. दोघांनी तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांसमोर चार बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा. दोन गोऱ्या, दोन काळसर. मग एकेक प्रश्न. खेळायला कोणती आवडेल? शंभरात ६७ मुलांनी गोरी दिली. वाईट दिसणारी कोणती? ५९ मुलांनी काळसर दिली. शेवटचा प्रश्न : तुझ्यासारखी कोणती? काही लेकरं रडायलाच लागली, काही खोलीबाहेर पळाली. आत्ताच जिला वाईट म्हटलं, तीच आपल्यासारखी आहे, हे त्यांना सांगायचं होतं.

हे त्या मुलांना वेगळं बसवून कुणी शिकवलं नव्हतं. चालीरीतीतून, बोलण्यातून, वागणुकीतून ते आपोआप मुरलं होतं.

वेगळ्या शाळांविरुद्ध काळे पालक आणि त्यांचे वकील वर्षानुवर्षं लढत होते. त्यांनी क्लार्क दांपत्याचं हे काम कोर्टात मांडलं. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की सरकारी शाळांत रंगावरून मुलांना वेगळं बसवणं घटनेला धरून नाही. निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखाचा उल्लेख आहे. लढा अनेकांचा होता, बाहुल्यांनी त्याला पुरावा दिला.

समनर सरांना हा दिवस दिसला नाही. त्याच वर्षी जानेवारीत, घरापुढचा बर्फ फावड्यानं काढताना त्यांचं हृदय बंद पडलं. चार महिने आधी. निकालात त्यांचं नाव नाही. पण नाव ज्याचं आहे, तो त्यांच्या वर्गात बसलेला मुलगा होता.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर हे. शिक्षक एकाला शिकवतो आणि ते किती जणांपर्यंत पोचेल, हे त्यालाही ठाऊक नसतं. आंबा लावणारा फळ खाईलच असं नाही.

आपल्या गटातही असं होतं. कुणी तरी एकीला अंगठ्याऐवजी सही करायला शिकवते, कुणी बँकेची स्लिप भरायला. ती पुढं दुसरीला शिकवते. जी आपल्यापेक्षा पुढं जाऊ शकते, तिला धरून ठेवू नका, तिला पुढं जाऊ द्या.

आणि एक विनंती. बाहुल्यांचा हा प्रयोग घरी करून पाहू नका, लेकरांना ते लागतं. त्यापेक्षा पुढच्या बैठकीत आपलंच बोलणं तपासू. "उन्हात जाऊ नको, काळी होशील", "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस" हे आपण पोरींसमोर किती वेळा बोलतो? त्यातला तो 'पण' तिच्या कानात राहतो.

भेटू पुढच्या कार्यक्रमात. नमस्कार.