अभ्यासक्रम : तालुका जुन्नर

मुलाला घरीच शिकवायचं ठरलं की सुरुवातीला बऱ्याच घरांत शाळाच भरते. आठला गणित, नऊला मराठी, दुपारपर्यंत आई आणि मूल दोघंही रडकुंडीला. मग लंबक दुसऱ्या टोकाला जातो. व्हिनेगर-सोड्याचा ज्वालामुखी उसळवून फोटो काढायचा, रविवारी किल्ला चढायचा, रात्री गोष्टीचं पुस्तक वाचायचं. तिन्ही गोष्टी चांगल्याच. पण एकीचा दुसरीशी काही संबंध नसेल तर ती लांबलेली सुट्टी होते. होमस्कूलिंगमध्ये तासाची घंटा नसते. याचा फायदा घ्यायचा तर हातानं करायचं काम, वाचन आणि भटकंती एकमेकांत गुंतवावी लागते. पुण्यातल्या एखाद्या घरानं नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी वर्षभर एकच तालुका घेतला, असं धरून चालू. जुन्नर.

सुरुवात नाणेघाटापासून करावी. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल देशावर आणणारी ही सातवाहनांच्या काळातली वाट. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असं सांगतात, आणि मुलं आधी त्यातच डोकावतात. अभ्यास मात्र जवळच्या लेण्यात आहे. एका भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मीतला लांबलचक लेख आहे. तो साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, राणी नागनिकेच्या नावाशी जोडलेला. केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा यांची ती यादी आहे: किती गायी, किती घोडे, किती कार्षापण नाणी. दक्षिणा आली म्हणजे आकडे आलेच, आणि भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांत यांची गणना होते.

एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा. दहाला वेगळं चिन्ह, वीसला वेगळं, ऐंशीला आणखी वेगळं. शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चारशे. शून्य नाहीच. घरी आल्यावर शाडूच्या मातीच्या पाट्या थापाव्यात, काडीनं हे आकडे कोरावेत आणि त्याच पद्धतीनं वाण्याचं बिल मांडायला सांगावं. सत्तावीस आणि सोळा एकाखाली एक लिहिले की मूल सवयीनं सात आणि सहा मिळवतं. तेरा, हातचा एक. हा एक ठेवायचा कुठे? वीसच्या चिन्हात दोन दिसत नाही, दहाच्या चिन्हात एक दिसत नाही. मनात बेरीज करून चाळीसचं चिन्ह आठवण्यावाचून गत्यंतर नाही. नव्व्याण्णवपर्यंत लिहायला या पद्धतीत अठरा चिन्हं लागतात. आपण शून्य धरून दहांत भागवतो, आणि त्याच दहांत कोटीही लिहितो. एकक-दशकाचे रकाने भरून पुढे सरकलेल्या मुलाला स्थानिक किंमत कळलीय का, याची खात्री नसते. पाटीवर अडलेल्या मुलाला ती कळतेच. यात आठवडा गेला तरी चालतो, कारण पुढचा धडा कुणी मागत नाही.

याच सातवाहन घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर ‘गाथासप्तशती’ आहे, महाराष्ट्री प्राकृतातली. स. आ. जोगळेकरांनी ती मराठीत आणली. त्यातला शृंगार दहा वर्षांच्या मुलापुढे ठेवण्यासारखा नाही, तेव्हा पालकांनी आधी स्वतः वाचावी (त्यांचं नुकसान होणार नाही) आणि पाऊस, शेतं, वाटसरू, गोदावरी यांच्या गाथा निवडाव्यात. जोडीला दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ घ्यावं. ते एका दमात वाचून संपवू नये. ज्या महिन्याचं त्या महिन्यात वाचावं आणि रोज दिसणाऱ्या एखाद्या झाडाची नोंद वहीत ठेवावी.

फेब्रुवारीत खोडद. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तिथं लोकांसाठी प्रदर्शन असतं. तबकडी जवळून पाहिली की मूल विचारतं, ही तर नुसती तारेची जाळी, आरपार आकाश दिसतंय, मग लाटा निसटत कशा नाहीत? घरी मोबाइल ॲल्युमिनियम फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून त्यावर फोन लावावा. बहुतेक वेळा लागत नाही. मग फॉइलच्या जागी पिठाची चाळणी वापरून पाहावी. भोकं लाटेच्या लांबीपेक्षा बरीच लहान असली की जाळीसुद्धा भिंतीचं काम करते, इथवर मूल थोड्या मदतीनं येतं. ही दुर्बीण उभारणारे गोविंद स्वरूप यांनी तारांची हलकी जाळी वापरली म्हणून एवढ्या मोठ्या तबकड्या परवडल्या, हे मग सांगावं. आधी नको.

तालुक्यात आणखी बरंच आहे. बोरी गावाशी कुकडीकाठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानतात, पण तिच्या वयावरून संशोधकांत वाद आहे. मोठ्या माणसांचंही एकमत होत नाही, हे मुलाला फार आवडतं. फेसाच्या ज्वालामुखीला खरी जागा इथं आहे.

या सगळ्यासाठी दिवसभर कुणीतरी मोकळं लागतं, आणि ते कुणीतरी बहुधा आई असते. होमस्कूलिंगच्या कौतुकात तिच्या सोडलेल्या नोकरीचा हिशेब क्वचितच येतो. वडिलांनी शनिवार-रविवारी गाडी चालवली म्हणजे वाटणी झाली, असं मला वाटत नाही.

कायद्याचं काय? १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो. न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र सांगत नाही. होमस्कूलिंगवाले याच फटीत उभे आहेत. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. चौदा पूर्ण झाले की आधीच्या शाळेचा दाखला नसतानाही तिथं दहावीला बसता येतं. पाच विषय पुरतात, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे एका वेळी एक-दोन विषय सोडवले तरी चालतात.

बारावीचा कंटाळा मात्र करू नये. शाळा सोडलेल्या मुंबईच्या एका मुलीनं संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यानं आयआयटीचा रस्ता बंद होता. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं तिला घेतलं. अशी पदकं हाताशी नसतील तर एनआयओएसचा बारावीचा अर्ज वेळेत भरलेला बरा.