अपयशासाठीं प्रयत्न

यश मिळावें म्हणून सर्वच धडपडतात. परंतु एकाद्यानें अपयशासाठींच कंबर कसली आणि तें त्याला मिळालें, तर तो यशस्वी झाला म्हणावयाचें कीं अयशस्वी? यशस्वी म्हणावें, तर हवें असलेलें अपयश त्याला लाभलें नाहीं; अयशस्वी म्हणावें, तर योजिलें तेंच घडलें, मग अपयश कसलें? हें कोडें प्रथमदर्शनीं शब्दांचा खेळ वाटतें. परंतु विद्यार्थी व पालक या दोघांच्याही हिताचें कांहीं तत्त्व त्यांत दडलेलें आहे.

प्रथम एक सोपें उदाहरण घेऊं. प्रश्नपत्रिकेंत शंभर विधानें असून प्रत्येकापुढें 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेंच लिहावयाचें आहे. ज्याला कांहींच येत नाहीं त्यानें डोळे मिटून उत्तरें लिहिलीं, तरी सुमारें ५० बरोबर येतील. परंतु ज्याला शून्यच गुण मिळवावयाचे आहेत, त्याला प्रत्येक प्रश्नाचें खरें उत्तर ठाऊक असलें पाहिजे. त्यावांचून तें नेमकें टाळावयाचें कसें? तात्पर्य, अशा परीक्षेंत पूर्ण अपयश मिळविण्यास पूर्ण ज्ञान लागतें.

आतां कोड्याची उकल पाहूं. यश व अपयश हीं नेहमीं कोणत्या तरी हेतूच्या मापानें मोजावीं लागतात. शून्य मिळविणारा तो विद्यार्थी परीक्षेच्या मापानें अयशस्वी व स्वतःच्या मापानें यशस्वी होय. मापें दोन असल्यामुळें येथें विरोध उरत नाहीं. मात्र 'माझा प्रत्येक हेतु विफल व्हावा' एवढा एकच हेतु कोणीं धरला, तर तो सफल होतांच विफल ठरतो. अशीच गांठ पौलानें तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत आढळते. क्रेत बेटांतील लोक सदा खोटें बोलतात, असें तेथीलच एका मनुष्यानें म्हटल्याचा तेथें उल्लेख आहे. त्याचें म्हणणें खरें मानावें, तर तोही क्रेतचाच असल्यामुळें तेंच खोटें ठरतें!

व्यवहारांत मात्र अपयश हेंच कोणाचें अंतिम ध्येय नसतें. त्यामागें दुसरा हेतु लपलेला असतो. २०१२ सालीं लंडन येथील ऑलिंपिकमध्यें, बॅडमिंटनच्या स्त्रियांच्या दुहेरी सामन्यांत, चीनची एक, इंडोनेशियाची एक व दक्षिण कोरियाच्या दोन अशा चार जोड्यांचा पुढील फेरींतील प्रवेश निश्चित झाला होता. पुढें सोयीचे प्रतिस्पर्धी यावेत म्हणून ३१ जुलै रोजीं त्या हरण्यासाठीं खेळूं लागल्या. फूल मुद्दाम जाळ्यांत मारण्यांत येऊं लागलें व प्रेक्षकांनीं त्यांचा धिक्कार केला. दोन्ही बाजूंना हरावयाचें असलें, तरी एकीला जिंकावेंच लागतें. दुसऱ्या दिवशीं आठही जणींना स्पर्धेंतून काढून टाकण्यांत आलें. पराभवाच्या वाटेनें पदक गांठूं पाहणाऱ्यांचें पदकही गेलें आणि लौकिकही गेला.

विद्यार्थ्याच्या मनांतही असा हेतु लपलेला असूं शकतो. स्टीव्हन बर्ग्लास व एडवर्ड जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांना न सुटणारे प्रश्न देऊन, तुमचीं उत्तरें उत्तम आलीं, असें सांगण्यांत आलें. पुढील परीक्षेपूर्वीं त्यांना बुद्धि तरतरीत करणारें किंवा मंद करणारें, यांपैकीं एक औषध निवडावयाचें होतें. आपणांस यश कां मिळालें हें न उमगलेल्या पुष्कळ तरुणांनीं मंद करणारें औषध पसंत केलें! पुढें अपयश आलें, तर दोष औषधाचा. आपली हुशारी अबाधित.

परीक्षेच्या आदल्या दिवशीं पुस्तक मिटून खेळावयास जाणारा मुलगा पुष्कळदां हेंच औषध घेत असतो. 'मीं अभ्यासच केला नव्हता' हें वाक्य त्याला आधींच तयार हवें असतें. त्याचा बेत सफल होतो. परंतु हातीं येते ती केवळ सबब. म्हणून पालकांनीं 'तूं फार हुशार' एवढेंच म्हणून थांबूं नये. कोणत्या श्रमानें काय साधलें, तेंही मुलाला दाखवावें.

धन्यानें दिलेलें द्रव्य भीतीनें जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाची गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानांत आहे. त्यानें कांहीं गमावलें नव्हतें, तरी तोच दोषी ठरला. मनापासून यत्न करून आलेलें अपयश आपली चूक कोठें झाली तें दाखवितें. मुद्दाम ओढवून घेतलेलें अपयश कांहींच शिकवीत नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, अपयशाला भिऊं नका; त्याच्या आड मात्र कधीं लपूं नका.