हातातील फोन आणि हक्काचा कागद

अंगुत्तर निकायातील व्यग्घपज्ज सुत्तात दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ भगवान बुद्धांना विचारतो की, आम्ही मुलाबाळांत राहणारी, प्रपंच करणारी माणसे. आमच्या हिताचा धम्म कोणता? भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे उद्योगशीलता, आरक्खसंपदा म्हणजे कष्टाने व सन्मार्गाने मिळवलेल्या धनाचे रक्षण, कल्याणमित्तता म्हणजे सज्जनांची संगत आणि समजीविता म्हणजे आवक पाहून केलेला खर्च. कष्टात आमचा समाज कधी मागे राहिला नाही. मात्र कष्टाचे धन बाजारात गेल्यावर राखावे कसे, याचे शिक्षण आपल्याला फारसे कोणी दिले नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या आरक्खसंपदेचा विचार आम्ही मोबाइल फोनच्या संदर्भात करीत आहोत.

विषय किरकोळ वाटेल, परंतु तो तसा नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याच्या घरात फोन ही बहुधा सर्वांत महागडी वस्तू असते. त्याची पगाराची नोंद, बँकेचे खाते, शिष्यवृत्तीचा संदेश, मुलांचा अभ्यास हे सर्व त्या एका यंत्रात सामावलेले असते. फोन गेला की कित्येक दिवसांची मजुरी जाते आणि तिच्या मागोमाग खात्यातील शिल्लकही जाऊ शकते. म्हणून फोन कसा घ्यावा, कसा राखावा आणि अन्याय झाल्यास दाद कशी मागावी, हे क्रमाने पाहू.

खरेदी

फोन घेताना दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे. मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. परंतु खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर आलेले असतात. ‘बिल हवे असेल तर कराचे वेगळे पैसे द्यावे लागतील’ असे म्हणून त्या किमतीपेक्षा अधिक रक्कम कोणी मागू शकत नाही. बिलावर फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक लिहून घ्यावा. *#०६# ही कळ दाबली असता तो पडद्यावर दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. ते घरातील वहीत उतरवून ठेवावेत, कारण फोनमध्येच ठेवलेली नोंद फोनबरोबर चोरीस जाते.

जुना फोन घेणाऱ्यांनी अधिक सावध असावे. के-वाय-एम ही इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा व आयएमईआय क्रमांक असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठविला की त्या फोनची माहिती येते. क्रमांक बंदी घातलेला निघाल्यास तो फोन स्वस्तातही घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे आणि अदिन्नादानापासून विरत राहण्याचे शील आपण रोज घेतो, याचेही स्मरण ठेवावे.

बिघाड

वॉरंटीच्या काळात फोन बिघडला तर तो दुरुस्ती केंद्रात देताना लेखी पोच, म्हणजे जॉब शीट, घेतल्याशिवाय परत येऊ नये. तीवर तारीख, तक्रारीचे स्वरूप आणि देतेवेळी फोनची स्थिती लिहिलेली असावी. ‘पाणी शिरले आहे, वॉरंटी लागू नाही’ असे पुढे सांगण्यात आले, तर पडताळणीसाठी हीच नोंद उपयोगी पडते. ऑनलाइन खरेदीत विक्री करणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात.

एवढ्याने दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. त्यापुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून लागू आहे. तो आपल्यासारख्यांना विशेष सोयीचा आहे. आपण जेथे राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत की दिल्लीत, हा प्रश्न राहत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. वकील असलाच पाहिजे असे बंधन नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते.

रिचार्ज आणि सेवा

समजीवितेचा प्रश्न येथे येतो. २८ दिवसांचा रिचार्ज करणारा ग्राहक वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरतो. एकूण रकमेला दिवसांनी भागून रोजचा खर्च काढावा आणि मगच योजना निवडावी. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडील अनेक पालकांकडे साधा बटणांचा फोन असतो. इंटरनेट न वापरणाऱ्यांसाठी केवळ बोलणे व संदेश यांचे स्वतंत्र रिचार्ज प्रत्येक कंपनीने ठेवावे, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये ठरविले. दुकानदार ते आपणहून सांगेलच असे नाही. ते नाव घेऊन मागावे.

सेवा सदोष असेल तर कंपनीच्या तक्रार केंद्राला कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत, असे पूर्वी सांगितले जाई. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निर्णयाने तो संशय दूर केला असून ग्राहक आयोगाचे दार आता उघडे आहे. कंपनीच बदलायची असल्यास ‘पोर्ट’ हा इंग्रजी शब्द व आपला क्रमांक १९०० वर पाठवावा. क्रमांक तोच राहतो.

चोरी

डहाणू लोकलच्या गर्दीत फोन गेला, तर सर्वप्रथम सिम बंद करवावे आणि बँकेला कळवून खात्याचे मोबाइल व्यवहार थांबवावेत. नंतर पोलिसांत तक्रार द्यावी. ‘चोरी आमच्या हद्दीत झाली नाही’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही हद्दीतील घटनेबाबत देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ती प्रत, नवे सिम व ओळखपत्र हाती आल्यावर ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आयएमईआय क्रमांक नोंदवून फोनवर बंदी घालता येते. ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. बंदी घातलेला फोन दुसरे सिम टाकूनही देशातील नेटवर्कवर चालत नाही. फोन परत मिळाल्यास बंदी उठविता येते.

याच संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, तेही दिसते. बोईसर परिसरात खोली, नोकरी, गॅस अशा प्रत्येक कामासाठी आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी लागते. अशा प्रत्येक प्रतीवर तारीख आणि ती कशासाठी दिली ते लिहून सही करावी. अनोळखी सिम आढळल्यास तेथेच कळवून ते बंद करवावे.

फसवणूक

पोलीस वा न्यायाधीश असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ केल्याचे सांगणारे ठग आता गावोगावी पोहोचले आहेत. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. केवळ ऐकले म्हणून, कोणी अधिकारी सांगतो म्हणून मानू नका, ही कालाम सुत्तातील शिकवण येथे अक्षरशः लागू पडते. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. तत्काळ १९३० वर व बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा असेल आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर नुकसान त्याच्यावर पडत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल, तर मात्र कळवीपर्यंतचे नुकसान आपले, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणून येथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

या सर्व उपायांत एक समान धागा वाचकांच्या लक्षात आला असेल. बिल, आयएमईआय, जॉब शीट, तक्रार क्रमांक, खबरीची प्रत: प्रत्येक ठिकाणी हक्क कागदाच्या आधाराने उभा राहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ साली साऊथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे समाजाचे म्हणणे लेखी निवेदनासह मांडले. तोंडी गाऱ्हाणे हवेत विरते, लेखी मागणीला उत्तर द्यावे लागते, हे त्यांनी जाणले होते. त्या मोठ्या लढ्याशी फोनच्या तक्रारीची तुलना आम्ही करीत नाही. परंतु सवय तीच आहे, आणि ती लहान व्यवहारांतच अंगी बाणते.

आमची माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे की, या सुट्टीत गावी जाल तेव्हा आई-वडिलांच्या आणि शेजाऱ्यांच्या फोनचे आयएमईआय क्रमांक एका वहीत उतरवून द्या आणि त्याच पानावर १९१५, १९३० व १४४२२ हे तीन क्रमांक ठळक अक्षरांत लिहा. शिकलेल्याने न शिकलेल्याच्या उपयोगी पडावे, यालाच कल्याणमित्तता म्हणतात.

जय भीम! नमो बुद्धाय!