पैसे कट झाले, पण गेले कुठे? स्वाइप मशीनच्या स्लिपवरचे शब्द

(या भागाची लिखित प्रत. बोलताना अडखळलो ते काढलंय आणि आकडे नीट लिहिलेत. बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा भाग माझ्या मामामुळे झालाय, म्हणून आधी त्याची गोष्ट.

मामाचं कराडला भांड्यांचं दुकान आहे. आता मिक्सर, कुकर, शेगड्यापण ठेवतो. गेल्या धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका ताईंनी मिक्सर आणि स्टीलच्या डब्यांचा सेट घेतला. बिल झालं ८,७४० रुपये. डेबिट कार्ड मशीनमध्ये घातलं, पिन टाकला, मशीन बराच वेळ विचार करत बसलं आणि शेवटी स्क्रीनवर टाइमआउट. स्लिप काही निघाली नाही. पण तेवढ्यात ताईंच्या फोनवर बँकेचा मेसेज आला, ८,७४० डेबिट. त्यांनी तो मामाला दाखवला. मागे दहा गिऱ्हाईकं उभी. मामा म्हणाला, "जाऊ द्या ताई, पैसे कट झालेत म्हणजे येतीलच." माल गेला.

दिवाळी उरकल्यावर हिशोबाला बसला तर ८,७४० कुठेच नाहीत. मग मला फोन. "अरे, तू ते पेमेंटचंच काम करतोस ना? त्या बाईंचे पैसे कट झाले, मी माझ्या डोळ्यांनी मेसेज बघितला. मग माझे पैसे गेले कुठे?"

प्रश्न एकदम रास्त आहे. मी पेमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, दिवसभर ऑथ, बॅच, रिव्हर्सल, चार्जबॅक हेच शब्द कानावर असतात. पण मामाला सांगायला गेलो आणि लक्षात आलं की आपण हे शब्द नुसते वापरतो, समजावून कधी सांगितलेच नाहीत. तर आज तेच करू.

आधी माणसं कोण कोण आहेत ते बघा. ताईंचं कार्ड ज्या बँकेने दिलं ती इश्यूइंग बँक. मामाला मशीन ज्या बँकेने दिलं ती अ‍ॅक्वायरिंग बँक. या दोघींच्या मधला रस्ता म्हणजे नेटवर्क: व्हिसा, मास्टरकार्ड किंवा आपल्या एनपीसीआयचं रुपे. आणि मामा म्हणजे मर्चंट. बस, चार जण. ऑनलाइन खरेदीत अजून दोन नावं ऐकू येतात. पेमेंट गेटवे म्हणजे नुसती पाइपलाइन, माहिती इकडून तिकडे नेणारी. पेमेंट अ‍ॅग्रीगेटर म्हणजे अनेक दुकानदारांच्या वतीने पैसे स्वतःकडे घेऊन मग ज्याचे त्याला देणारा. बोलताना लोक दोघांनाही गेटवेच म्हणतात, पण पैशाला हात कोण लावतं हा फरक मोठा आहे.

आता पिन टाकल्यावर काय होतं? मशीन एक निरोप पाठवतं: या कार्डावर ८,७४० मिळतील का? निरोप मामाच्या बँकेकडे जातो, तिथून नेटवर्ककडे, तिथून ताईंच्या बँकेकडे. ती बँक पिन, शिल्लक, मर्यादा तपासते आणि त्याच रस्त्याने उत्तर पाठवते. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. याला म्हणतात ऑथरायझेशन. उत्तरात एक रिस्पॉन्स कोड असतो. ०० म्हणजे मंजूर. ५१ म्हणजे खात्यात पैसे कमी. ५५ म्हणजे पिन चुकला. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ९१ म्हणजे कार्डवाली बँक उत्तरच देत नाहीये. आणि माझा आवडता ०५, त्याचं नाव 'डू नॉट ऑनर'. म्हणजे बँक नाही म्हणतेय आणि कारणही सांगणार नाही. (मुलीकडच्यांनी नकार कळवावा तसं.) या निरोपांचं एक ठरलेलं व्याकरण आहे, त्याला आयएसओ ८५८३ म्हणतात. माझ्या पहिल्या नोकरीतले पहिले सहा महिने त्यातच गेले.

आता नीट लक्ष द्या, मामाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. ऑथरायझेशन म्हणजे पैसे देणं नव्हे, ते होकार देणं आहे. क्रेडिट कार्ड असेल तर तेवढी मर्यादा अडवून ठेवली जाते. डेबिट कार्ड असेल तर खात्यातून रक्कम लगेच वजा दिसते आणि मेसेजही येतो. पण ती रक्कम त्या क्षणी मामाकडे निघालेली नसते. ती इश्यूइंग बँकेने बाजूला काढून ठेवलेली असते, इतकंच.

त्या संध्याकाळी निरोप नीट गेला. ताईंच्या बँकेने होकार दिला, पैसे बाजूला काढले, मेसेज पाठवला. पण परतीच्या वाटेवर ते उत्तर हरवलं. मशीनच्या सिमला रेंज नसेल, मध्ये एखादा सर्व्हर अडकला असेल, सणाच्या गर्दीत असं होतं. मशीनने ठरलेला वेळ वाट बघितली. उत्तर आलं नाही तर मशीन "बहुतेक झालं असेल" असं कधीच समजत नाही. ते समजतं की झालं नाही, आणि एक उलटा निरोप पाठवतं: मघाशी मागितलेले ८,७४० रद्द करा. हे रिव्हर्सल. रेंज नसेल तर मशीन तो निरोप जपून ठेवतं आणि लाइन आली की पाठवतं.

म्हणजे मामाचे पैसे कुठे गेले? कुठेच नाही. ते ताईंच्या बँकेतून बाहेर पडलेच नव्हते.

हे ऐकून मामा दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे तो मेसेज खोटा होता?" खोटा नव्हता मामा, पण तो ताईंच्या खात्याबद्दल होता, तुमच्या नाही. तुमच्या बाजूचा पुरावा म्हणजे स्लिप.

त्या स्लिपकडे आपण कधी बघत नाही, लगेच चुरगाळतो. एकदा वाचून बघा. वर टीआयडी असतो, टर्मिनल आयडी, ८ अक्षरांचा, म्हणजे कुठलं मशीन. एमआयडी म्हणजे कुठला दुकानदार, तो १५ अक्षरांपर्यंत. मग बॅच नंबर, त्याच्याकडे येतोच. अ‍ॅप्रूव्हल कोड किंवा ऑथ कोड, ६ अक्षरांचा, म्हणजे ताईंच्या बँकेने दिलेल्या होकाराचा नंबर. आणि सगळ्यात कामाचा आरआरएन, १२ आकडी. एकाच व्यवहाराबद्दल दोन बँका बोलत असतील तर त्यांना जोडणारा धागा हाच. यूपीआय अ‍ॅपमध्ये व्यवहार उघडलात तर तिथेही १२ आकडी नंबर दिसतो, त्याच जातीचा. तक्रार करताना "अहो, मंगळवारी दुपारी केलं होतं" असं सांगण्यापेक्षा हा नंबर द्या, पलीकडचा माणूस खूश होतो.

आता बॅच. दिवसभरात मंजूर झालेले व्यवहार मशीनच्या एका गठ्ठ्यात जमा होतात. संध्याकाळी तो गठ्ठा बंद करून बँकेला पाठवायचा, म्हणजे "आज मला हे हे पैसे यायचेत" असा दावा करायचा. जुन्या मशीनवर दुकानदाराला स्वतः सेटलमेंटचं बटण दाबावं लागायचं. विसरला तर पैसे अडकले! आता बहुतेक मशीन रात्री आपोआप करतात. मग नेटवर्क बसून हिशोब करतं की कुठल्या बँकेने कुठल्या बँकेला किती द्यायचे. हे क्लिअरिंग. आणि प्रत्यक्ष पैसे फिरले की ते सेटलमेंट. मामाच्या खात्यात साधारण दुसऱ्या दिवशी पैसे येतात, त्याला टी प्लस वन म्हणतात. ताईंचा व्यवहार त्या दिवशीच्या बॅचमध्ये नव्हताच, मग पैसे येणार कुठून?

आणि आला असता तरी पूर्ण ८,७४० आले नसते. इथे येतो एमडीआर, मर्चंट डिस्काउंट रेट. नाव फसवं आहे, डिस्काउंट कोणाला मिळत नाही, दुकानदाराचे कापले जातात. डेबिट कार्डासाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून कमाल मर्यादा घातली. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर ०.४० टक्के, त्याहून जास्त असेल तर ०.९० टक्के. एका व्यवहारामागे जास्तीत जास्त अनुक्रमे २०० आणि १,००० रुपये. मामाची उलाढाल २० लाखांच्या वर आहे, म्हणजे ८,७४० वर ७८ रुपये ६६ पैसे, त्यावर १८ टक्के जीएसटी १४ रुपये १६ पैसे. हातात येणार ८,६४७ रुपये १८ पैसे. ताईंचं कार्ड रुपे डेबिट असतं तर हे शून्य, कारण १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआयवर एमडीआर नाही. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही, तिथे साधारण दोन टक्क्यांच्या आसपास जातात. यातला मोठा वाटा इश्यूइंग बँकेला मिळतो, त्याला इंटरचेंज म्हणतात. उरलेल्यात नेटवर्क आणि अ‍ॅक्वायरिंग बँक. तुमचे रिवॉर्ड पॉइंट येतात ना, ते बरेचसे इथूनच. त्यामुळे दुकानदार "कार्ड नको, यूपीआय करा" म्हणाला तर चिडू नका. पण डेबिट कार्डावर वरून टक्के मागितले तर देऊ नका, त्याला परवानगी नाही.

पैसे परत येण्याचे चार शब्द आहेत आणि लोक चारही ठिकाणी 'रिफंड' म्हणतात. रिव्हर्सल आत्ता सांगितलं, ते यंत्रणा आपोआप करते. व्हॉइड म्हणजे मामाने ८७४ ऐवजी ८,७४० मारले आणि बॅच बंद व्हायच्या आत रद्द केले. रिफंड म्हणजे बॅच गेल्यावर उलट दिशेने केलेला नवा व्यवहार, म्हणून त्याला दिवस लागतात. आणि चौथा चार्जबॅक, याला दुकानदार घाबरतात. यात गिऱ्हाईक आपल्या बँकेकडे तक्रार करतं आणि बँक दुकानदाराकडून पैसे ओढून घेते. आधी पैसे जातात, मग तुम्ही पुरावा द्यायचा.

माझा एक कॉलेजमित्र कोल्हापुरी चपला परदेशात ऑनलाइन विकतो. एकदा दोन महिन्यांनी चार्जबॅक आला, कारण काय तर माल मिळाला नाही. व्हिसाच्या यादीत याचा कोड १३.१. त्याच्याकडे कुरिअरची सही असलेली पोच होती, जिंकला. दुसऱ्या वेळी आला १०.४, म्हणजे "हा व्यवहार मी केलाच नाही". भारतात २००९ पासून ऑनलाइन कार्डाला पासवर्ड किंवा ओटीपीसारखी जास्तीची पडताळणी लागते, आणि अशी पडताळणी झाली असेल तर फसवणुकीचा तोटा सहसा कार्डवाल्या बँकेवर जातो. परदेशी कार्डाला ओटीपी लागेलच असं नाही. चपला गेल्या, पैसेही गेले. बऱ्याच कारणांसाठी चार्जबॅकची मुदत १२० दिवसांपर्यंत असते, म्हणून पोचपावत्या चार महिने तरी फेकायच्या नाहीत, हे तो आता येईल त्याला सांगतो.

गिऱ्हाईक म्हणून तुमच्यासाठी एक नियम महत्त्वाचा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, कार्डाचे पैसे कट झाले आणि दुकानात स्लिप निघाली नाही तर टी प्लस फाइव्ह, म्हणजे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीसुद्धा न मागता. ऑनलाइन खरेदीत पैसे कट होऊन ऑर्डर लागली नाही तरी हेच. म्हणून स्लिप निघाली नाही आणि दुकानदाराने पुन्हा कार्ड मागितलं तर तो तुम्हाला लुटत नसतो. आधीची रक्कम परत येते. खात्यात तेवढी शिल्लक हवी, ही अडचण मात्र खरी आहे.

तर मामाचं पुढे काय झालं? हेल्पलाइनला टीआयडी, तारीख, वेळ आणि रक्कम सांगितली. त्यांनी सांगितलं, व्यवहार रिव्हर्स झालाय. आता ताईंना गाठायचं कसं? नाव माहीत नाही, उधारीचं गिऱ्हाईक नाही. पण मिक्सरचं वॉरंटी कार्ड भरताना मामाने फोन नंबर लिहून घेतला होता, त्याचा अर्धा तुकडा दुकानात होता. फोन केल्यावर ताई आधी तडकल्या. "माझ्याकडे मेसेज आहे, मी दोनदा पैसे कशाला देऊ?" त्यांच्या जागी मी असतो तरी हेच म्हणालो असतो. मग मी मामाला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी लिहून दिल्या: ताई, त्या दिवसानंतरच्या ५ दिवसांत तेवढीच रक्कम जमा झालीय का, खात्याचं स्टेटमेंट एकदा बघाल का?

दोन दिवस उत्तर नाही. निळ्या टिका दिसत होत्या, मामाचा जीव टांगणीला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंचा फोन आला. चौथ्या दिवशी ८,७४० जमा झाले होते. त्यांना वाटलं होतं मिस्टरांनी टाकले.

त्या स्वतः दुकानात आल्या. मामाने सवयीने मशीन पुढे केलं. ताई म्हणाल्या, "नको बाई ते", आणि क्यूआर स्कॅन केला. साउंडबॉक्स आठ हजार सातशे चाळीस असं ओरडला तेव्हा मामाने मला फोन लावून ठेवला होता, मी ऑफिसच्या कँटीनमध्ये उभा राहून ऐकलं.

साउंडबॉक्स नेमकं कोणाचं ऐकून बोलतो, तो पुढचा भाग. प्रश्न असतील तर पाठवा, भेटू.